मोटारीचा चुकलेला ठोका

वेगासाठीं बांधलेल्या स्पोर्ट्‌स मोटारीचें इंजिन सुरळीत चालत असतां त्याचा नाद अखंड असतो. आठांपैकीं एका सिलिंडरांत ठिणगी पडली नाहीं, कीं त्या नादांत खंड पडतो आणि गाडी थरथरूं लागते. आपल्याकडील मेस्त्री ह्यासच ‘मिसिंग’ म्हणतात. हा दोष मोटारीइतकाच जुना. परंतु त्याची किंमत मात्र काळानुसार फार पालटत गेली.

१९०२ मध्यें जर्मनींतील बॉश कारखान्याच्या गॉटलोब होनोल्ड ह्या अभियंत्यानें उच्च विद्युद्दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडलेला ठिणगीचा प्लग सिद्ध केला. तेव्हांपासून कित्येक दशकें दोषाची परीक्षा कानानेंच होत असे. इंजिन चालू ठेवून मेस्त्री एकेका प्लगची वीज तोडी. वीज तोडतांच इंजिन आणखी लंगडलें, तर तो सिलिंडर निरोगी. कांहींच फरक पडला नाहीं, तर दोषी तोच. मग प्लग काढून त्याचें तोंड पाहावयाचें. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल प्रमाणाबाहेर; तेलकटपणा असेल, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतून निघून जाई. क्वचित् सायलेन्सरमध्यें त्याचा बार उडे. नुकसान झालें तर पेट्रोलचें आणि एखाद्या पत्र्याचें.

पुढें अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारें धुकें पसरूं लागलें. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत आरी हागेन-स्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें, कीं धुरांतील न जळलेल्या पेट्रोलची वाफ व नायट्रोजनचीं ऑक्साइडें ह्यांवर ऊन पडून तें तयार होतें. यूजीन हूद्री ह्या मूळच्या फ्रेंच अभियंत्यानें ती वाफ नळींतच जाळून टाकणारें साधन योजिलें; पण १९२३ पासून पेट्रोलमध्यें मिसळण्यांत येणारें शिसें त्यावर बसून तें निकामी होई. अमेरिकेंत १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा झाला, बिनशिशाचें पेट्रोल आलें, आणि १९७५ पासून बहुतेक नव्या गाड्यांस हा ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ बसूं लागला. मुंबईसह भारताच्या चार महानगरांत नव्या मोटारींस तो १ एप्रिल १९९५ पासून आवश्यक ठरला.

येथें ‘मिसिंग’चें स्वरूपच बदललें. कन्व्हर्टरच्या पोटांत मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांची एक वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम अशा धातूंचा पातळ लेप असतो. एरवीं तिचें काम सुमारें ४०० ते ८०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत चालतें. पण सिलिंडर चुकला, कीं त्यांतील कोरें पेट्रोल व हवा ह्या विटेपर्यंत पोहोंचून तेथेंच पेट घेतात. उष्णता १४०० अंशांपलीकडे गेली, तर वीट वितळून छिद्रें बुजतात. धुरास वाट न मिळून इंजिन गुदमरतें. आणि तापलेल्या नळीखालीं वाळलें गवत असेल, तर आगही लागते.

स्पोर्ट्‌स मोटारींत हा धोका अधिक. कारण अर्धें इंजिन बंद पडलें तरी उरलेलें अर्धें गाडी ओढून नेतें. १९८७ च्या पोर्श ९२८ एस ४ मध्यें चार-चार सिलिंडरांच्या दोन गटांस ठिणगी पुरविणारीं साधनें वेगवेगळीं होतीं. म्हणून दोन गटांच्या धुराची उष्णता तोलून पाहणारें यंत्र त्या जातीच्या गाड्यांत बसविण्यांत आलें. एक गट थंड पडतांच तें त्याचें पेट्रोल तोडी. १९८९ च्या फेरारी ३४८ मध्यें कन्व्हर्टर तापला, कीं ‘स्लो डाऊन’ असा दिवा लागे. १९९६ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत चुकलेला ठोका ओळखण्याची योजना सक्तीची झाली. सामान्यतः ती क्रँकशाफ्टच्या गतींतील सूक्ष्म अडखळ मोजते. कन्व्हर्टर जळण्याइतका दोष वाढला, तर दिवा लुकलुकूं लागतो.

साधनें अशीं बदललीं, तरी निदानाची रीत जुनीच राहिली. सूचना देणारें यंत्र खरें बोलतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें. मग प्लग, कॉइल, पेट्रोलचा फवारा व सिलिंडरांतील दाब तपासावा. नळीकडे शेवटीं वळावें. जळालेली नळी हा परिणाम आहे, कारण नव्हे. जो केवळ तीच बदलून समाधान मानतो, त्याची नवी नळीही जुनीच्याच वाटेनें जाते, आणि तोंवर गाडीचें विष शहराच्या श्वासांत मिसळत राहतें.