सुरुवात नेमकी कधी झाली? एका सार्वजनिक गोल्फ कोर्सची गोष्ट

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिलं वाक्य बहुतेक सगळ्यांचं सारखंच असतं: 'अमुक उपक्रमाची सुरुवात अमुक साली झाली.' माझंही तसंच होतं. माझा विषय सार्वजनिक उद्यानांचा इतिहास आणि त्यातलं एक प्रकरण अमेरिकेतल्या उद्यानांमध्ये लहान मुलांना गोल्फ शिकवणाऱ्या उपक्रमांवर आहे. मी बिनधास्त लिहिलं होतं की हे सगळं १९९७ मध्ये सुरू झालं. आरएसीच्या बैठकीत एका सरांनी शांतपणे एवढंच विचारलं, "त्याआधी ती मुलं कुठं होती?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या एका प्रश्नाच्या मागे मी जवळजवळ वर्षभर फिरले. तुम्ही पेट किंवा नेट-सेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, तर हे वाचून ठेवा. विषय गोल्फचा असला तरी फसगत कुठल्याही विषयात होऊ शकते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लष्करी छावणी, जुना क्लब, नाहीतर बंद गेटच्या आतली हिरवळ येते. अमेरिकेत असे क्लब आहेतच, पण तिथे महापालिकेचे गोल्फ कोर्सही भरपूर आहेत. न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कमध्ये १८९५ साली असा पहिला कोर्स सुरू झाला. म्हणजे बागेतला झोपाळा जसा नगरपालिकेचा, तसा हा कोर्सही. थोडी फी भरा, खेळा, घरी जा. कागदावर तरी तसंच.

आता १९९७ कडे येऊ. त्या वर्षी एप्रिलमध्ये २१ वर्षांच्या टायगर वुड्सने मास्टर्स स्पर्धा तब्बल १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 'फर्स्ट टी' या उपक्रमाची घोषणा झाली. गोल्फमधल्या बड्या संस्था एकत्र आल्या होत्या आणि माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश मानद अध्यक्ष होते. ज्या मुलांच्या घरात कुणी गोल्फ खेळत नाही, त्यांना हा खेळ परवडेल अशा ठिकाणी शिकवायचा, हा हेतू. सोबत प्रामाणिकपणा, आदर, चिकाटी, सौजन्य अशी नऊ मूल्यंही शिकवायची. अशा उपक्रमांत शिकवायची पद्धत खरंच छान असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्या माणसाची काठी दिली तर ते स्वतःच गरगर फिरेल. म्हणून आखूड आणि हलकी काठी, मऊ चेंडू, मोठं लक्ष्य. आधी चेंडू भोकात हळूच ढकलायला शिकवायचं, लांबचा फटका नंतर.

पण १९९७ हे साल संस्थेच्या जन्माचं आहे, गोष्टीच्या जन्माचं नाही. मी एम.एस्सी. करून इकडे आलेली, त्यामुळे मला प्रॅक्टिकलची भाषा पटकन कळते. व्हर्नियर कॅलिपरचा झिरो एरर न बघता रीडिंग घेतलं तर पुढची सगळी आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर चुकतं. संस्था आपला इतिहास स्वतःच्या स्थापनेपासून मोजते. तो तिचा शून्य. आपण तो तपासल्याशिवाय उचलायचा नसतो.

स्वतः टायगरचंच बघा ना. तो चार वर्षांचा असल्यापासून लाँग बीचच्या हार्टवेल या छोट्या सार्वजनिक कोर्सवर शिकला. त्याचे प्रशिक्षक रुडी डुरान यांनी त्याच्या ताकदीप्रमाणे त्याच्यासाठी वेगळा 'पार' ठरवून दिला होता. पार म्हणजे एका होलसाठी अपेक्षित फटके. मोठ्यांचा पार मुलाला लावायचा नाही, ही कल्पना १९९७ च्या कितीतरी आधीची आहे. अजून मागे गेलात तर १९१३ च्या यूएस ओपनचा फोटो सापडेल. विजेता फ्रान्सिस विमे आणि त्याच्या शेजारी खांद्यावर बॅग घेतलेला एडी लोअरी, वय वर्षं १०. त्या काळी गरीब घरातलं पोर गोल्फच्या हिरवळीवर यायचं ते बहुतेक वेळा असं, दुसऱ्याचं ओझं उचलायला.

म्हणजे मुलं मैदानावर होतीच. प्रश्न होता, कुठली मुलं, आणि कुठल्या नात्याने. इथून मी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात पोहोचले, ते आजतागायत तिथेच अडकले आहे.

ग्रीन्सबरोचा गिलेस्पी पार्क गोल्फ कोर्स १९४१ साली सुरू झाला. १८ होल, सरकारी रोजगार योजनेच्या पैशातून, म्हणजे सगळ्यांच्या करातून बांधलेला. खेळायला मात्र फक्त गोऱ्यांना परवानगी. कृष्णवर्णीयांनी मागणी केली तेव्हा शहराने दोन गोष्टी केल्या. त्यांच्यासाठी मैलापाणी प्रक्रिया केंद्राला लागून नऊ होलचा नोचो पार्क कोर्स काढला. आणि गिलेस्पी एका 'खासगी' क्लबला वर्षाला एक डॉलर भाड्याने देऊन टाकला. आता जागा खासगी, नियम खासगी! चवदार तळ्याचा खटला वाचलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. तिथेही तळं खासगी मालकीचं असल्याचा दावा केला गेला होता.

७ नोव्हेंबर १९५५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अटलांटाच्या होम्स कुटुंबाच्या खटल्यात महापालिकेच्या गोल्फ कोर्सवरचा वर्णभेद मोडीत काढला. बरोबर एक महिन्याने, ७ डिसेंबरला, ग्रीन्सबरोतले दंतवैद्य डॉ. जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे पाच मित्र गिलेस्पीवर गेले. टेबलावर प्रत्येकी ७५ सेंट फी ठेवली आणि खेळायला लागले. त्याच रात्री अतिक्रमणाच्या गुन्ह्याखाली त्यांना अटक झाली. ज्या सिट-इन आंदोलनामुळे ग्रीन्सबरो जगाला माहीत झालं, ते १९६० चं. हे त्याच्याही चार वर्षं आधी.

पुढचा भाग नीट वाचा, कारण तो आपल्या कामाचा आहे. एकाच घटनेवर दोन खटले चालले. दिवाणी खटल्यात फेडरल न्यायाधीशांनी १९५७ मध्ये सिमकिन्स यांच्या बाजूने निकाल दिला. क्लबचं सदस्यत्व नसलेले गोरे लोक तिथे आरामात खेळत होते, म्हणजे 'खासगी' हा नुसता देखावा, हे निकालात स्पष्ट आलं. फौजदारी खटला मात्र वेगळ्या न्यायालयात, आणि तिथे ३० दिवसांची शिक्षा. अपिलं होत होत तो १९६० साली सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सहा जण ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. कारण? त्यांच्या बाजूचा फेडरल निकाल राज्याच्या न्यायालयातल्या रेकॉर्डवर रीतसर लावलाच गेला नव्हता. निकाल जगाला माहीत होता, न्यायाधीशांनाही माहीत असणार, पण फाइलमध्ये नव्हता! शेवटी गव्हर्नर ल्यूथर हॉजेस यांनी तुरुंगवास माफ करून दंडावर भागवलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीत अक्षरशः डोक्याला हात लावला. जे फाइलमध्ये नाही ते न्यायालयासाठी घडलेलंच नसतं, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही हाच मोह होतो. मुलांच्या बाबतीत तर जास्तच, कारण मुलं अर्ज करत नाहीत, फी भरत नाहीत, खटले लढत नाहीत. त्यांना शोधायचं तर उद्यान खात्याचं बजेट, शाळांचे सुट्टीतले कार्यक्रम, स्थानिक वर्तमानपत्रांतले फोटो असं आडवाटेने जावं लागतं. मी सध्या तेच करतेय. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू.

गिलेस्पीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. १९५७ च्या निकालानंतर कोर्स सगळ्यांना खुला व्हायच्या आतच क्लबहाउस जळालं. शहराने ते परत बांधायच्या ऐवजी कोर्सच बंद केला. पाच-सहा वर्षं कुणीच खेळलं नाही, गोरे नाहीत आणि काळेही नाहीत. हा काळ माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात बोलका भाग आहे. १९५५ मध्ये सहा वर्षांचं असलेलं ग्रीन्सबरोतलं मूल कोर्स परत उघडला तेव्हा तेरा वर्षांचं झालं होतं. ७ डिसेंबर १९६२, म्हणजे बरोबर सात वर्षांनी, तो उघडला. पहिला चेंडू सिमकिन्स यांनी मारला. (सिमकिन्स नुसते गोल्फपुरते थांबले नाहीत. १९६३ मध्ये सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांतल्या वर्णभेदाविरुद्धचा महत्त्वाचा खटलाही त्यांच्याच नावाने जिंकला गेला. त्यावर वेगळं लिहीन.)

उघडला तो नऊच होलचा, कारण उरलेली जमीन शहराने दुसऱ्या कामाला लावली होती. आजही तो नऊ होलचाच आहे. आणि गंमत बघा, फर्स्ट टीच्या स्थानिक शाखेचे मुलांचे वर्ग याच गिलेस्पी कोर्सवर भरतात. जिथे फी ठेवून खेळणाऱ्या सहा माणसांना पकडलं, तिथे आता आखूड काठ्या आणि मऊ चेंडू घेऊन पोरं रांगेत उभी असतात.

म्हणून माझ्या मसुद्यातलं 'मुलांना गोल्फची ओळख करून दिली' हे वाक्य मी खोडलं. 'ओळख करून देणं' म्हटलं की देणारा मोठा होतो आणि गेट कुणी बंद ठेवलं होतं ते वाक्यातून गायब होतं. १९९७ काढून टाकलेलं नाही, ते पान ४० वर गेलंय. प्रकरण आता टेबलावर ठेवलेल्या ७५ सेंटपासून सुरू होतं. १९१३ च्या एडी लोअरीला कुठं बसवायचं, यावर मात्र मॅडमचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. त्या म्हणतात तळटीप, मी म्हणते स्वतंत्र भाग. आरएसी पुढच्या महिन्यात आहे.