एस्टोनियात राहून भारतातील नोकरी : ई-रहिवास, व्हिसा आणि कर यांतील फरक

देवनहळ्ळी (बंगळूरु) : येथील केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावरून युरोपला जाणाऱ्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांमध्ये बंगळूरुतील नोकरी न सोडता काही महिने परदेशात राहून काम करू इच्छिणाऱ्यांचीही भर पडली आहे. अशा कामासाठी स्वतंत्र व्हिसा देणाऱ्या पहिल्या काही देशांत बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियाची गणना होते. मात्र या देशाचे ई-रहिवासाचे ओळखपत्र, तेथे राहण्याची परवानगी आणि कर भरण्याची जबाबदारी या तीन वेगवेगळ्या बाबी आहेत. त्यांची गल्लत झाल्यास कर्मचाऱ्याला प्रवेश नाकारला जाण्यापासून दोन्ही देशांच्या करमागणीपर्यंत अनेक अडचणींना तोंड द्यावे लागू शकते.

डिजिटल देशाची पार्श्वभूमी

सुमारे साडेतेरा लाख लोकसंख्येचा एस्टोनिया २० ऑगस्ट १९९१ रोजी सोव्हिएत संघापासून पुन्हा स्वतंत्र झाला. २००४ मध्ये तो युरोपीय संघात आणि नाटोमध्ये सामील झाला, २००७ मध्ये शेंजेन क्षेत्रात आला आणि २०११ पासून तेथे युरो हे चलन आहे. मर्यादित मनुष्यबळ असलेल्या या देशाने शासकीय कारभार प्रारंभापासूनच संगणकावर आणला. सरकारी खात्यांच्या नोंदी परस्परांना जोडणारी ‘एक्स-रोड’ ही यंत्रणा २००१ मध्ये, चिप असलेले राष्ट्रीय ओळखपत्र २००२ मध्ये, तर इंटरनेटवरून मतदान २००५ मध्ये सुरू झाले. स्काइप हे संपर्काचे साधनही २००३ मध्ये एस्टोनियन संगणकतज्ज्ञांनीच घडवले होते.

ई-रहिवास म्हणजे वास्तव्याचा हक्क नव्हे

डिसेंबर २०१४ मध्ये एस्टोनियाने परदेशी नागरिकांसाठी ‘ई-रेसिडेन्सी’ ही योजना सुरू केली. आजवर एक लाख वीस हजारांहून अधिक लोकांनी तिचा लाभ घेतला आहे. या ओळखपत्राच्या आधारे परदेशी व्यक्ती डिजिटल स्वाक्षरी करू शकते, एस्टोनियात कंपनी नोंदवू शकते आणि तिचा कारभार दुरून पाहू शकते. युरोपीय ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या लहान व्यावसायिकांना त्याचा उपयोग होतो.

नाव ‘रहिवास’ असले तरी हे ओळखपत्र एस्टोनियात प्रवेशाचा, वास्तव्याचा किंवा नोकरीचा अधिकार देत नाही. प्रवासाचा दस्तऐवज म्हणूनही ते चालत नाही. मराठी वाचकाला हा फरक आधारच्या उदाहरणावरून समजू शकेल. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. आधारमुळे ओळख सिद्ध होते. नागरिकत्व सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे ई-रहिवासामुळे एस्टोनियाच्या डिजिटल सेवांचे दार उघडते, देशाचे नव्हे.

दूरस्थ कामासाठी व्हिसा

एस्टोनियात राहून अन्य देशातील कंपनीचे काम करण्यासाठी ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’ घ्यावा लागतो. त्यासाठीची कायदादुरुस्ती एस्टोनियाच्या संसदेने जून २०२० मध्ये संमत केली आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अर्ज स्वीकारले जाऊ लागले. तीन प्रकारच्या व्यक्ती त्यास पात्र ठरतात : एस्टोनियाबाहेर नोंदणी झालेल्या कंपनीतील कर्मचारी, परदेशात नोंदवलेल्या स्वतःच्या कंपनीचे काम करणारे भागीदार अथवा भागधारक, आणि प्रामुख्याने परदेशी ग्राहकांसाठी काम करणारे स्वतंत्र व्यावसायिक. काम दूरसंचार साधनांद्वारे, ठिकाणाचे बंधन न राहता करता येण्याजोगे असले पाहिजे.

सर्वांत मोठा अडथळा उत्पन्नाच्या अटीचा आहे. अर्जापूर्वीच्या सलग सहा महिन्यांत दरमहा किमान ठरावीक एकूण उत्पन्न दाखवावे लागते. प्रारंभी ही मर्यादा ३,५०४ युरो होती. पुढे ती ४,५०० युरो करण्यात आली. एका युरोचे शंभर रुपये धरले तरी ही रक्कम महिन्याला साडेचार लाख, म्हणजे वर्षाला ५४ लाख रुपये होते. भारतीय वेतनश्रेणीवर काम करणाऱ्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांची पात्रता येथेच संपुष्टात येते. मर्यादेत बदल होत असल्याने अर्जाच्या वेळचा आकडा दूतावासाकडून तपासून घेणे आवश्यक ठरते.

हा व्हिसा दोन स्वरूपांत मिळतो. ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी ‘सी’, तर त्याहून अधिक, कमाल एक वर्षासाठी ‘डी’ प्रकारचा व्हिसा असतो. ‘डी’ व्हिसाधारकाला शेंजेन क्षेत्रातील अन्य देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. एस्टोनियाच्या सार्वजनिक आरोग्य विम्याचे संरक्षण व्हिसाधारकाला मिळत नसल्याने किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा खासगी वैद्यकीय विमा घ्यावा लागतो. अर्जासाठी स्वतः हजर राहावे लागते. एस्टोनियाचा भारतातील दूतावास नवी दिल्लीत आहे.

व्हिसासोबत ई-रहिवास मिळत नाही; तो हवा असल्यास वेगळा अर्ज करावा लागतो. या व्हिसाचे निवास परवान्यात आपोआप रूपांतरही होत नाही. दीर्घकाळ स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांना एस्टोनियातील कंपनीत नोकरी, शिक्षण अथवा नवउद्योग यांपैकी एखाद्या मार्गाने स्वतंत्र निवास परवाना मिळवावा लागतो. अशा परवान्यांवर लोकसंख्येच्या ०.१ टक्के इतकी वार्षिक मर्यादा असली, तरी माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील तज्ज्ञ आणि नवउद्योजक यांना तीतून वगळण्यात आले आहे.

शेजारी देशांतील स्थिती

लात्व्हियानेही २०२२ मध्ये दूरस्थ कामासाठी व्हिसा सुरू केला. मात्र त्यासाठी अर्जदाराची कंपनी किंवा त्याचा व्यवसाय आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, सदस्य देशात नोंदवलेला असणे बंधनकारक आहे. भारत या संघटनेचा सदस्य नाही. त्यामुळे भारतीय कंपनीच्या वेतनावर असलेला कर्मचारी तेथे अपात्र ठरतो. लिथुएनियाने २०२१ पासून ई-रहिवासाची योजना राबवली आहे. परंतु एस्टोनियाप्रमाणेच तीतूनही वास्तव्याचा हक्क मिळत नाही.

कर : दोन देश, दोन कालगणना

भारतात आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि त्या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस देशात असलेली व्यक्ती करदृष्ट्या निवासी ठरते. एस्टोनियात सलग १२ महिन्यांच्या कालावधीत किमान १८३ दिवस राहणारी व्यक्ती निवासी मानली जाते, तीही आगमनाच्या दिवसापासून. दोन्ही देश निवासी व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारतात. एस्टोनियातील प्राप्तिकराचा दर २०२५ पासून २२ टक्के आहे.

उदाहरणार्थ, एखादा कर्मचारी ३० सप्टेंबरपर्यंत भारतात राहून १ ऑक्टोबरला तालिन येथे पोहोचला आणि वर्षभर तेथे राहिला, तर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हे १८३ दिवस मोजून भारत त्याला त्या संपूर्ण आर्थिक वर्षासाठी निवासी मानतो. दुसरीकडे एस्टोनियाही त्याला १ ऑक्टोबरपासून निवासी मानतो. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांच्या वेतनावर दोन्ही देशांचा दावा उभा राहतो.

अशा प्रसंगी भारत आणि एस्टोनिया यांच्यात २०११ मध्ये झालेला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार उपयोगी पडतो. कायमचे घर कोठे आहे, कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कोणत्या देशाशी अधिक निकटचे आहेत, अशा कसोट्यांवर निवासाचा निर्णय होतो आणि एका देशात भरलेल्या कराची सवलत दुसऱ्या देशात मागता येते. हा लाभ आपोआप मिळत नाही. त्यासाठी विवरणपत्र आणि निवासाचा दाखला द्यावा लागतो. सहा महिन्यांहून कमी मुक्काम असल्यास हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

सामाजिक सुरक्षेबाबत मात्र उभय देशांत करार नाही. त्यामुळे भविष्य निर्वाह निधीत होणारी कपात एस्टोनियातील योजनेत गृहीत धरली जात नाही. तेथे वेतनावरील सामाजिक कराचा दर ३३ टक्के असून तो मालकाने भरावयाचा असतो.

कंपनीची लेखी संमती

याच कारणास्तव भारतीय कंपन्या कर्मचाऱ्याला परदेशातून काम करू देण्यास कचरतात. तेथील कामामुळे कंपनीवर वेतननोंदणी, सामाजिक कर किंवा स्थायी आस्थापनेची जबाबदारी येऊ शकते. ग्राहकाची माहिती देशाबाहेरून हाताळण्यास करारानुसार मनाई असण्याचाही संभव असतो. ‘घरून काम’ करण्याची मुभा म्हणजे परदेशातून काम करण्याची मुभा नव्हे. कंपनीला अंधारात ठेवून लॅपटॉपसह परदेशी गेलेल्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. शिवाय व्हिसाच्या अर्जात कामाचे स्वरूप आणि मालकाशी असलेला संबंध कागदोपत्री सिद्ध करावा लागत असल्याने ही संमती टाळताही येत नाही.

वेळ आणि ऋतू

भारताची वेळ एस्टोनियापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास, तर उन्हाळ्यात अडीच तास पुढे असते. बंगळूरुत सकाळी नऊला सुरू होणाऱ्या बैठकीसाठी तालिनमध्ये हिवाळ्यात पहाटे साडेपाचला हजर व्हावे लागते. मात्र सायंकाळी सहाचे काम दुपारी अडीचलाच आटोपते. डिसेंबरमध्ये तेथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि सूर्य दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये उलट अठरा तासांहून अधिक उजेड असतो. बंगळूरुहून तालिनला थेट विमान नाही. फ्रँकफर्टसारख्या शहरात विमान बदलावे लागते.

क्रम महत्त्वाचा

आधी कंपनीची लेखी संमती, नंतर दोन्ही देशांतील दिवसांची मोजणी आणि करसल्ला, त्यानंतर व्हिसा आणि विमा व सर्वांत शेवटी विमानाचे तिकीट, हा क्रम पाळल्यास बहुतेक अडचणी टळतात. पारपत्रावरील शिक्के, विमानाची तिकिटे आणि घरभाड्याचा करार परतल्यानंतरही जपून ठेवावेत. आपण कोणत्या देशात किती दिवस होतो, हे पुढे करअधिकाऱ्यांसमोर सिद्ध करण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावरच असते.