किडे पाळणाऱ्या प्रयोगशाळा आणि आपलं शिवार

परदेशात लोक हौसेनं झुरळं पाळतात, असं सांगितलं तर आपल्याकडे कुणाला खरं वाटणार नाही. मादागास्करचं फुसफुसणारं झुरळ काचेच्या पेटीत ठेवतात. दक्षिण अमेरिकेतलं डुबिया जातीचं झुरळ तर डब्यांत हजारोंनी वाढवतात, पाळीव सरड्यांना खाऊ घालायला. म्हणजे एक जीव जगवायचा तर त्याचं खाद्य असलेला दुसरा जीव आधी पाळायचा.

ऐकून अंगावर काटा येतो ना? पण हीच विद्या आपल्या मराठवाड्यात सरकारी प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं चालू आहे. फक्त झुरळाच्या जागी पतंग आहे आणि सरड्याच्या जागी डोळ्याला जेमतेम दिसणारी माशी. नांदेड-लातूर पट्ट्यात बातमीदारी करताना मला दिसतं, की फवारणीचा खर्च सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण या माशीची गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वाचा.

आधी जुनी गोष्ट. आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, एके काळी फड्या निवडुंगानं दख्खनची रानं कशी अडवली होती. हे झाड मूळ अमेरिकेतलं. 1795 मध्ये इंग्रजांनी लाल रंगाच्या धंद्यासाठी ब्राझीलहून कोचिनीलचा किडा मागवला. रंगाचा किडा समजून जो आणला तो भलताच निघाला. रंग मिळाला नाही, पण त्यानं निवडुंगाची एक जात खाऊन संपवायला घेतली. पुढे 1926 मध्ये त्याच घराण्यातला दुसरा किडा श्रीलंकेहून मुद्दाम आणला, तो दुसऱ्या जातीच्या निवडुंगासाठी. काही वर्षांतच मोठमोठी रानं मोकळी झाली. कुऱ्हाडीनं जे झालं नाही ते किड्यानं केलं.

दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची, गाजरगवताची. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सर्रास सांगतात, म्हणून लोकांनी त्याला काँग्रेस गवत नाव ठेवलं. अंगाला खाज, दमा, पडीक रानाचं वाटोळं, सगळं आपण भोगतोच आहोत. 1980 च्या दशकात बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून एक भुंगा आणला. त्याचं खाणं म्हणजे गाजरगवताची पानं. आधी बंदिस्त जागेत पारखला, मग 1984 मध्ये रानात सोडला. पावसाळ्यात जमिनीतून वर येतो, पानं खातो, अंडी घालतो, आणि पाऊस सरला की पुन्हा मातीत जाऊन झोपतो.

पुढे यात मोठं लफडं झालं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलावर दिसला आणि एकच गलका उठला. लातूरकरांना वेगळं सांगायला नको, तेव्हा सूर्यफूल म्हणजे आपलं नगदी पीक. तपासासाठी समिती बसली, प्रयोग झाले. निघालं काय, तर शेजारच्या गाजरगवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते, त्या वासानं भुंगा पान कुरतडत होता. नुसत्या सूर्यफुलावर त्याची पिढी चालत नाही. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. लोकांची शंका रास्त होती, आणि शास्त्रज्ञांनी ती झटकून न टाकता तपासली. परभणीचं कृषी विद्यापीठ आजही हे भुंगे वाढवून पावसाळ्यात वाटतं.

आता त्या माशीकडे येऊ. नाव ट्रायकोग्रामा. लांबी एक मिलिमीटरही नाही. ही बोंडअळीच्या पतंगानं घातलेल्या अंड्यात आपलं अंडं घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. पण ही माशी वाढवायची कशावर? त्यासाठी कॉर्सायरा नावाचा पतंग पाळावा लागतो, जो एरवी आपल्या धान्यात जाळ्या करतो. भरडलेल्या ज्वारीत शेंगदाण्याचा कूट मिसळून पेट्या भरतात, त्यात पतंगाची अंडी सोडतात. साधारण चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात. ते रोज गोळा करायचे, अंडी चाळून स्वच्छ करायची, डिंकानं कार्डावर चिकटवायची, अतिनील दिव्याखाली धरून आतला जीव मारायचा, मग माशीच्या हवाली करायची. एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी. चौथ्या दिवशी ती काळी पडतात, आठव्या दिवसाच्या आसपास माश्या बाहेर येतात. त्याआधी कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या मागच्या बाजूला लावायच्या. हेच ते ट्रायकोकार्ड.

गोम इथंच आहे. औषधाची बाटली दुकानात दोन वर्षं टिकते. कार्ड फ्रीजमध्ये ठेवलं तरी जेमतेम तीन आठवडे. बाटलीवर दुकानदाराला मार्जिन आहे, उधारी आहे, कंपनीची योजना आहे. कार्ड उरलं की फेकून द्यावं लागतं, म्हणून ते दुकानदार ठेवणारच नाही. शिवाय पतंगाला रविवार कळत नाही, निवडणुकीची ड्यूटी कळत नाही. पेट्यांकडे पंधरा दिवस कुणी पाहिलं नाही तर वाण बुडतं, आणि पुन्हा उभं करायला महिने जातात. म्हणजे हे काम रोजच्या हातांचं आहे.

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं एनएचएच-44 सारखं वाण दिलं, त्यावर एका पिढीचा संसार चालला. 2002 मध्ये बीटी आलं आणि सगळ्यांना वाटलं, अळीचा प्रश्न मिटला. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं तो भ्रम मोडला. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. कार्ड लावताना विषबाधा होत नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

कार्ड म्हणजे जादू आहे असं मी म्हणत नाही. वेळ चुकली तर उपयोग शून्य. कार्ड लावून दुसऱ्या दिवशी जहाल फवारा मारला तर माश्याच मरतात. एकट्या शेतकऱ्यानं लावून भागत नाही, शिवारानं मिळून लावलं तर फरक दिसतो. म्हणूनच हे काम बाजारावर सोडता येत नाही, ते सरकारनंच करायला पाहिजे.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात खरिपाआधी जाहीर करा: जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळेत किती पदं मंजूर, किती भरलेली, यंदा किती कार्डं होणार, कोणत्या तालुक्याला कोणत्या तारखेला मिळणार. आणि शेतकरी मित्रांनो, पातं लागल्यावर धावाधाव करू नका. पेरणी झाली की गावानं मिळून कृषी सहायकाकडे लेखी मागणी द्या, पोच घ्या. कार्ड मिळालं तरी कळवा, नाही मिळालं तर पोचीचा फोटो कमेंटमध्ये टाका. पुढची बातमी त्यावरच करू.