गहुंजे क्रिकेट मैदान, पुणे

महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे स्वतःच्या मालकीचे मैदान. मावळ तालुक्यात, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला लागून, गहुंजे गावाच्या हद्दीत. प्रेक्षकक्षमता सुमारे ३७,०००. मुंबई आणि विदर्भ यांचे रणजी संघ वेगळे आहेत. उरलेल्या महाराष्ट्राच्या संघाचे हे घर.

हे घर मिळण्याआधी पुण्याचे मोठे क्रिकेट इतरांच्या जागेवर वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅम्पातला पूना क्लब युरोपियनांचा होता. तिथे बाळू पालवणकर महिना चार रुपयांवर रोलर फिरवत, जाळ्या लावत आणि जे. जी. ग्रेग यांना तासन्‌तास गोलंदाजी करत. बॅट मात्र त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही. पुढे शहरातल्या हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चांभार जातीचे म्हणून चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. भारताचा पहिला थोर फिरकी गोलंदाज या वागणुकीतून घडला, हे पुण्याच्या मैदानांविषयी लिहिताना वगळता येत नाही.

पूना क्लबच्याच मैदानावर डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला दहा धावा हव्या असताना प्रतिस्पर्धी कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडला. रणजी करंडकातील ही आजही सर्वोच्च वैयक्तिक खेळी आहे.

स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम १९६९ चे, महापालिकेच्या मालकीचे. ५ डिसेंबर १९८४ रोजी तिथे पहिला एकदिवसीय सामना झाला. वेंगसरकरांच्या शतकाला माइक गॅटिंगने नाबाद शतकाने उत्तर दिले आणि इंग्लंड जिंकले. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात केनिया १६६ धावांत गारद झाला. तेवढ्यावर वेस्ट इंडीज सहज जिंकणार असे वाटत असताना लारा ८ धावांवर यष्टिरक्षक तारिक इक्बालच्या हाती झेल देऊन परतला, मॉरिस ओडुंबेने १५ धावांत ३ बळी घेतले आणि वेस्ट इंडीजचा डाव ९३ वर आटोपला. नोव्हेंबर २००५ मध्ये भारत–श्रीलंका लढतीने तिथले आंतरराष्ट्रीय क्रिकेट थांबले. मैदान पालिकेचे, सामना असोसिएशनचा. तिकिटांच्या वाटपावरून दोघांचे बिनसले आणि असोसिएशनने शहराबाहेर जागा शोधली. अंतर वाढले तरी निर्णय योग्यच होता, कारण स्वतःच्या जागेशिवाय खेळपट्टी वर्षभर जपता येत नाही.

गहुंजेचा आराखडा हॉपकिन्स आर्किटेक्ट्स या ब्रिटिश संस्थेचा. लॉर्ड्सचा माउंड स्टँड आणि साउदॅम्प्टनमधले हॅम्पशायर कौंटीचे रोझ बोल मैदानही त्यांचेच. बांधकाम २००७ मध्ये सुरू झाले, २०११-१२ च्या हंगामात हिमाचल प्रदेशविरुद्ध पहिला रणजी सामना झाला आणि १ एप्रिल २०१२ रोजी शरद पवारांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. सुब्रत रॉय सहारा हे नाव पैशांच्या वादानंतर वर्षभरातच उतरले. २०१२ मध्येच केदार जाधवने उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा फटकावल्या.

खेळपट्टीची कथा मात्र सरळ नाही. फेब्रुवारी २०१७ मधील पहिल्या कसोटीत चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळू लागला. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले. भारत १०५ आणि १०७ धावांत संपला, तिसऱ्याच दिवशी ३३३ धावांनी हरला आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. २०१९ मध्ये याच मैदानावर कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ धावा केल्या आणि भारत डावाने जिंकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये काळ्या मातीच्या खेळपट्टीवर मिचेल सँटनरने १३ बळी मिळवले. न्यूझीलंडने भारतात पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली आणि मायदेशातील सलग १८ मालिका विजयांची भारताची साखळी इथे तुटली. २०२३ च्या विश्वचषकातील पाच सामने त्याआधी इथे सुरळीत पार पडले होते.

प्रेक्षकांची सोय या इमारतीच्या तोलाची नाही. बसण्याच्या मोठ्या भागावर छत नसल्याने दिवसाच्या सामन्यात लोक उन्हात भाजतात. २०२४ च्या कसोटीत पहिल्याच दिवशी पिण्याचे पाणी अपुरे पडले, प्रेक्षक घोषणा देऊ लागले आणि असोसिएशनला माफी मागावी लागली. आता कुठल्याही नव्या बांधकामाआधी पाणी आणि छत यांचे काम व्हायला हवे.