कुलाब्याचे आरसे आणि चाळीतला बंब

संशोधनाचा विषय शोधताय? मग माझी फजिती आधी ऐका.

मुंबईतल्या सौर उष्णतेचा इतिहास चाळताना मला १८७८ सालचं, भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटी प्रेसमध्ये छापलेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. लेखक विल्यम अ‍ॅडम्स, मुंबई हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार. या गृहस्थांनी मिडल कुलाब्यात बंगल्याच्या आवारात सपाट आरसे मांडले, सगळ्यांचं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन लावून पंप चालवला! मी लगेच आराखड्यात लिहिलं: 'गच्चीवरच्या सोलर हीटरचा विसरलेला जनक.'

गाइडनी एकच विचारलं, "त्यात आंघोळीचं पाणी कुणाचं तापत होतं?"

पुन्हा वाचायला बसलो. शीर्षकच सांगत होतं: उष्ण प्रदेशांत इंधनाला पर्याय. अ‍ॅडम्सची चिंता महाग कोळशाची आणि लाकडाची. त्याच्या सौरचुलीवर जानेवारीत दोन तासांत शिजलं ते सात सैनिकांचं जेवण. शिवाय गच्चीवरच्या हीटरचं घराणं वेगळं. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने काचेच्या पेटीत काळ्या टाक्या ठेवून पेटंट घेतलं. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने तापणारा भाग खाली आणि टाकी वर अशी फोड केली. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं, पंप लागत नाही. आरसे तर कुठेच नाहीत. म्हणजे माझा 'जनक' बाद.

मग प्रश्न बदलला. गिरणगावात पाणी तापायचं ते बंबात नाहीतर स्टोव्हवर. ऊन तर फुकट होतं, मग ते मोरीपर्यंत का नाही पोचलं? एक हिशोब करून बघा. बीडीडी चाळीच्या एका इमारतीत ८० खोल्या. रोज शंभर लिटरला साधारण दोन चौरस मीटरची पेटी लागते. म्हणजे १६० चौरस मीटर छप्पर, शिवाय टाक्यांचं वजन आणि प्रत्येक मोरीपर्यंत नळ. बंब विकत घेता येतो, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. छप्पर मात्र भाडेकरूचं नसतं. अ‍ॅडम्सकडे आवार होतं.

माझा प्रबंध आता यंत्रावरून छपराच्या मालकीकडे वळलाय.

तुम्हालाही 'पहिला' किंवा 'विसरलेला' असा कुणी सापडला, तर आराखडा लिहायच्या आधी तीन प्रश्न कागदावर मांडा: गरज कुणाची, इंधन कुणाचं, जागा कुणाची? उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका. खरा विषय बहुतेक तिथेच असतो.