शिदोरीची पिशवी आणि तोसदान

आपल्याकडे माणूस परगावी निघाला की खांद्याला काहीतरी अडकवतोच. कोणाची पडशी असते, कोणाची झोळी, तर कोणाची साधी कापडी पिशवी. शाळेच्या पोराच्या खांद्याला दप्तर असते. आत काय, तर भाकरी, पाण्याची बाटली, चार कागद. यात इतिहास कसला, असे तुम्ही म्हणाल. पण आज मी जिची हकिकत सांगणार आहे ती पिशवी शिपायाच्या बगलेतली आहे, आणि तिच्यापायी माणसे मेलेली आहेत आणि वाचलेलीही आहेत.

हल्ली अमेरिकेत फौजी घाटाच्या बगलपिशव्यांना मोठा उठाव आहे. आपल्या शहरांतल्या दुकानांतही त्या दिसू लागल्या आहेत. ‘टॅक्टिकल बॅग’ असे त्यांचे नाव. रोज कामावर जाताना तीच पिशवी, आणि सुटीच्या दिवशी चांदमारीला, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जातानाही तीच, अशी तिची वाखाणणी होते. मग घेणाऱ्यापुढे प्रश्न पडतो, निवडायची कशी? दुकानदार कप्पे मोजून दाखवतो. मला वाटते, दुकानदाराला विचारण्याआधी या पिशवीच्या इतिहासाला विचारावे.

आधी दोन शब्द पाहू. इंग्रज शिपाई आपल्या बगलपिशवीला ‘हॅवरसॅक’ म्हणे. हा शब्द मूळचा जर्मन. ‘हाबर’ म्हणजे ओट, जवासारखे एक धान्य, आणि ‘झाक’ म्हणजे पोते. घोडेस्वार आपल्या घोड्याची चंदी या पिशवीत नेत असे. आपल्या घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधतात ना, त्याचीच ही बहीण म्हणा. पुढे घोड्याच्या चंदीच्या जागी स्वाराची रोटी आली आणि पिशवी माणसाच्या खांद्यावर चढली.

दुसरा शब्द आपल्या इकडचा, ‘तोसदान’. फारसीत ‘तोशा’ म्हणजे वाटेतली शिदोरी आणि तोशादान म्हणजे शिदोरी ठेवायची पिशवी. हिंदुस्थानी फौजांच्या बोलीत तोच शब्द काडतुसांच्या चामडी पेटीला लागला. गंमत पाहा, एक शब्द युरोपातला, एक इराणातून आलेला, पण दोघांचाही जन्म अन्नाच्या पिशवीत झाला. मात्र एकाच्या पोटात रोटी राहिली आणि दुसऱ्याच्या पोटात दारूगोळा आला. आजच्या भाषणाचे सूत्र हेच आहे. शिपायाने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला कसे शिकले, आणि आज आपण त्या पुन्हा एकत्र कशा करतो आहोत.

सतराव्या शतकात युरोपातला बंदूकवाला छातीवरून आडवा चामडी पट्टा घाली. त्याला लाकडी नळ्या टांगलेल्या असत आणि एकेका नळीत एकेका बाराची दारू मोजून भरलेली असे. बहुधा बारा नळ्या असत, म्हणून येशूच्या बारा शिष्यांवरून पुढे लोक त्यांना ‘बारा शिष्य’ म्हणू लागले. युक्ती चांगली होती, बार भरायला वेळ कमी लागे. पण चालताना या नळ्या एकमेकींवर आपटून खडखडत. रात्री दबा धरावा तर आवाज होई. शिवाय बंदुकीची वात पेटलेलीच असे. तिची ठिणगी एका नळीवर पडली की माणूसच पेटे. या अनुभवातून कागदी काडतूस रूढ झाले. एका बाराची दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधायची, आणि अशा पुड्या जाड चामड्याच्या झाकणबंद पेटीत ठेवायच्या. तेच तोसदान. ठिणगी लागू नये, पाऊस लागू नये, आणि हात मात्र सहज जावा, अशी त्याची रचना होती.

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात ही विभागणी अगदी स्पष्ट दिसते. उत्तरेकडच्या पायदळ शिपायाच्या उजव्या कुशीला काडतुसांची पेटी असे. तिच्यात पत्र्याच्या दोन डब्यांत चाळीस काडतुसे मावत. डाव्या कुशीला रंग दिलेल्या कापडाची हॅवरसॅक. तिच्यात दगडासारखी कडक बिस्किटे, खारवलेले डुकराचे मांस, कॉफी आणि साखर. मांसाची चरबी पिशवीला लागे, म्हणून आतले अस्तर काढून धुता येईल असे केलेले असे. उजवीकडे दारू, डावीकडे अन्न. अंधारात, धुरात, भीतीने हात कापत असतानाही हाताला ठाऊक असे की कुठे जायचे.

ही शिस्त नुसती सोयीची नव्हती. आपल्याच देशात १८५७ साली काय झाले ते शिक्षक मंडळी वर्गात शिकवतातच. नव्या एन्फील्ड रायफलीचे काडतूस भरण्यापूर्वी त्याचा कागद दाताने तोडावा लागे, आणि त्याला गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे अशी बातमी छावण्यांतून पसरली. म्हणजे तोसदानातली वस्तू तोंडात आली! शिदोरी आणि दारूगोळा यांच्यामधली भिंतच मोडली. २४ एप्रिल १८५७ रोजी मीरतला घोडदळाच्या नव्वद स्वारांना काडतुसे घ्यायला सांगितले, तेव्हा पंचाऐंशी जणांनी ती हातात धरायलाही नकार दिला. सरकारने त्यांना बेड्या घातल्या आणि १० मे रोजी मीरत पेटले. उठावाची कारणे पुष्कळ होती, ती सगळी काडतुसावर टाकता येणार नाहीत. पण ठिणगी पडली ती तोसदानाच्या तोंडाशी, हे खरे.

यानंतर काडतूस पितळेचे झाले, आणि नवीन अडचण आली. चामड्याच्या संगतीने पितळेवर हिरवा गंज चढे आणि काडतूस अडके. अँसन मिल्स नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने त्यावर उपाय काढला. जाड सुती पट्टाच मागावर असा विणायचा की काडतुसांची घरे त्या विणीतच तयार व्हावीत. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात इंग्रजांना आपल्या जुन्या सरंजामाचा कंटाळा आला. चामडे भिजले की ताणले जाई आणि वाळले की तडके. उघड्या घरांच्या पट्ट्यांतून काडतुसे वाटेवर गळून पडत. मग १९०८ साली इंग्रजांनी सगळा सरंजाम विणलेल्या सुती पट्ट्यांचा केला. पुढच्या बाजूला दहा खिसे, प्रत्येकात पंधरा, म्हणजे दीडशे काडतुसे. डाव्या कुशीला हॅवरसॅक, उजवीकडे पाण्याची बाटली. आणि सगळा साज बंडीसारखा एकदम अंगात घालता येई व एकदम उतरवता येई. घामेजलेल्या, थकलेल्या माणसाला ही किती मोठी सोय आहे ते डोक्यावरून भारे वाहणाऱ्याला सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात या दोन पिशव्यांना तिसरी सोबतीण मिळाली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. लगेच तोंडावर बांधायच्या जाळ्या आल्या, मुखवटे आले, आणि मुखवट्याची पिशवी आली. धोक्याच्या भागात ती कुशीवरून ओढून थेट छातीवर बांधीत, कारण घंटा वाजल्यापासून मुखवटा चढेपर्यंत मोजके श्वासच हाती असत. दुसरे महायुद्ध तोंडावर आले तेव्हा एकट्या ब्रिटनमध्ये सुमारे तीन कोटी ऐंशी लाख मुखवटे नागरिकांना वाटले गेले होते. सुदैवाने त्या शहरांवर वायू कधी पडला नाही.

वेळेला हात कुठे जातो, याची किंमत काय असते हे सांगायला आपल्याच मातीतले उदाहरण आहे. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. बाकीचे सगळे ठार झाले किंवा जखमी होऊन पडले. घाडगे एकटे धावले. हातबाँब टाकून त्यांनी ती मशीनगन आणि तिचा गोलंदाज गारद केला, दुसऱ्याला टॉमीगनने टिपले. एवढ्यात मॅगझीन संपले. नवे चढवायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना लोळवले. पुढे शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. श्रोतेहो, मॅगझीन बदलायला लागतात ते चार-पाच क्षण. तेवढेही मिळाले नाहीत. काडतुसांचे खिसे हाताच्या वाटेवरच का असावेत, त्यात दुसरेतिसरे काही का कोंबू नये, याचे उत्तर या एका प्रसंगात आहे.

त्याच वर्षी ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उलटी चूकही दिसली. उपयोगी पडेल, असू द्या, लागेल, असे म्हणत म्हणत शिपायांच्या अंगावर इतके ओझे चढवले होते की होड्यांतून खोल पाण्यात उतरताच कित्येक जण त्या ओझ्याने बुडाले. एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लष्करी लेखकाने १९५० साली शिपायाच्या ओझ्यावर एक छोटे पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे असे की, घाबरलेला माणूस आधीच थकलेला असतो, त्याच्या पाठीवर ‘असू द्या’चे ओझे घालू नका.

युद्ध संपले आणि या पिशव्या ढिगांनी बाजारात आल्या. मुखवटे गेले, पिशव्या उरल्या. विलायतेत मुलांनी त्यांचे दप्तर केले, मासे धरणाऱ्यांनी गळ ठेवले. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या १९८१ सालच्या चित्रपटातला नायक जी पिशवी बगलेत मिरवतो ती इंग्रजांच्या वायुमुखवट्याचीच. कथा १९३६ सालची आणि पिशवी त्यानंतरची, पण लोकांना ती आवडली. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन शिपायांनी क्लेमोर सुरुंगाची दोन कप्प्यांची रिकामी पिशवी अशीच खांद्याला लावली. त्या ओल्या रानात सुती पट्टे कुजत, म्हणून मग नायलॉन आले. १९९० नंतरच्या दशकात पिशवीवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या शिवू लागले, म्हणजे हवा तो खिसा हवा तेथे अडकवावा. आज दुकानात मिळणारी ‘टॅक्टिकल’ पिशवी ती हीच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पिशवी निवडायची कशी? इतिहासाचे उत्तर सरळ आहे. पट्टा रुंद असावा, नाहीतर अर्ध्या तासात खांद्याला वळ पडतो. झाकण एका हाताने उघडावे, पण वाकल्यावर आपोआप उघडू नये, बोअर युद्धातली गळकी काडतुसे आठवा. कापड ओले झाले तर लवकर वाळावे. कप्पे थोडे असावेत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असावे. एका खांद्यावर पेलेल एवढेच ओझे घालावे. त्याहून जड असेल तर पाठीवरची पिशवी बरी.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. रोजची पिशवी आणि चांदमारीची पिशवी एक असू नये. दुकानदार नेमके याच्या उलट सांगतो! अमेरिकेत २०२३ साली विमानतळांवरच्या तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या, आणि त्यांतल्या शेकडा नव्वदांहून अधिक भरलेल्या होत्या. तेथे नेहमी ऐकू येणारे उत्तर एकच, ‘पिशवीत आहे हे विसरलोच.’ कालच्या नेमबाजीची पिशवी आज डबा घालून उचलली, की हे होणारच. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून एक काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. अस्तराच्या कोपऱ्यात राहिलेले एकच काडतूस माणसाला पोलीस ठाण्याची आणि कोर्टाची पायरी चढायला लावते. पुढे सुटका झाली तरी व्हायची ती फरफट होतेच. आणि घरात लहान पोर असेल तर? खाऊ शोधायला त्याचा हात बापाच्या पिशवीतच जातो. तो तेथे कशावर पडेल, याचा विचार आधी करायला हवा.

चांदमारी ही काही वाईट गोष्ट नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक आणले. खेड्यातली मुले आता या खेळाकडे वळताहेत, त्याचा आनंदच आहे. पण त्यांना नेम शिकवण्याच्या आधी पिशवी शिकवावी. बंदूक तिच्या पेटीत, काडतुसे त्यांच्या डब्यात, कानाची बोंडे वेगळ्या खिशात, आणि डबा, वह्या, पैसे हे सगळे निराळ्या पिशवीत. उजवीकडचे उजवीकडे, डावीकडचे डावीकडे.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. शिपायाच्या ओझ्याचा हा इतिहास दप्तरालाही लागू आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या शेकडा दहापेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे. एखाद्या शनिवारी वर्गात सगळी दप्तरे रिकामी करायला लावा. आज लागणाऱ्या वस्तू एका बाजूला, ‘असू द्या’च्या वस्तू दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीग केवढा होतो ते मुलेच मोजतील.

आपल्या घरातली जुनी माणसे बाजारातून आली की पिशवी उलटी करून झटकतात आणि मगच खुंटीला लावतात. नेमबाजीच्या मैदानावरून परतणाऱ्यालाही याहून चांगला नियम सांगता यायचा नाही. पिशवी उलटी करावी, चारही कोपरे हाताने चाचपावे, आणि मगच ती खुंटीला लावावी.