पाण्याला रकाना नाही

तंजावर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? व्यंकोजीराजे, सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा लांबलचक मराठी शिलालेख. दीडशेहून अधिक वर्षं मराठी राजांनी तिथं राज्य केलं याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या राज्याचं पोट ज्याच्यावर भरत होतं, ते कावेरीचं पाणी आपल्या गप्पांत कधी येत नाही. आज त्या पाण्याविषयी लिहितो.

कावेरीच्या मुखाकडच्या या सपाट प्रदेशात पाणी अडवण्याची कला फार जुनी. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै हा दगडी बांध सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा मानतात. तो आजही वापरात आहे. इंग्रजी अमदानीत आर्थर कॉटनने नदीच्या वरच्या अंगाला आणखी एक बंधारा घातला. १९३४ साली मेट्टूर धरण झालं. दर वर्षी १२ जूनला त्याचे दरवाजे उघडायचे आणि कुरुवै हंगामाचं भात लावायचं, असा रिवाज पडला. पुढे कर्नाटकाशी पाणीतंटा वाढला. १२ जून ही तारीख अनेकदा चुकू लागली, तसा शेतकरी बोअरवेलकडे वळला. नदीचं पाणी भांडणात अडकलं, तेव्हा जमिनीखालचं पाणीच त्याच्या मदतीला आलं.

नेमकं याच जमिनीखाली लिग्नाइट कोळसा आहे आणि त्या कोळशात मिथेन वायू आहे. जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने मन्नारगुडी भागातला ६९१ चौरस किलोमीटरचा पट्टा वायू काढण्यासाठी एका खासगी कंपनीला दिला. जानेवारी २०११ मध्ये राज्य सरकारनेही त्या कंपनीशी करार केला.

हा वायू काढतात कसा, ते समजून घेतलं पाहिजे. कोळशाच्या थरात पाणी भरलेलं असतं आणि त्याच्या दाबामुळे मिथेन कोळशाला चिकटून राहतो. तो सुटावा म्हणून आधी ते पाणी उपसून काढावं लागतं. खडक घट्ट असेल तर पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून त्याला भेगा पाडतात. हेच ते फ्रॅकिंग. उपसलेलं पाणी बऱ्याचदा खारट असतं. ते टाकायचं कुठे, हा एक प्रश्न. खोलवर उपसा चालू असताना वरच्या गोड्या पाण्याची पातळी टिकेल का, हा दुसरा. आणि समुद्र तर शेजारीच. गोडं पाणी खाली गेलं की खारं पाणी आत सरकतं, हे खाजन शेती केलेल्या गोंयकाराला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे निदान बांध घालता येतो, मानशीची दारं लावता येतात. जमिनीच्या पोटात मानस कुठली बांधणार?

इथे मला माझ्या मावशीची विहीर आठवते. डिचोली तालुक्यातल्या एका गावात तिचं घर. लहानपणी आम्ही मे महिन्यातही त्या विहिरीतून कळशी बुडवून पाणी काढायचो. मग डोंगरापलीकडे लोहखनिजाचा खड्डा खोल होत गेला. खनिज पाण्याच्या पातळीखाली, म्हणून पंप रात्रंदिवस पाणी उपसायचे. काही वर्षांनी मावशी म्हणाली, "बाळा, राजू पुरत नाही रे आता." राजू म्हणजे दोर. तिने दोर वाढवला, मग टँकरची वाट बघू लागली. वायू आणि लोखंड वेगळं, पण सुरुवात दोन्हीकडे एकच आहे. आधी पाणी उपसा.

तंजावरकडच्या लोकांनी हे वेळेत ओळखलं. सेंद्रिय शेतीचा प्रसार करणारे नम्माळवार म्हातारपणी गावोगाव फिरून मिथेन प्रकल्पाविरुद्ध बोलत राहिले आणि त्याच मोहिमेत असताना ३० डिसेंबर २०१३ रोजी वारले. त्या आधी जुलै २०१३ मध्ये राज्य सरकारने कामाला स्थगिती दिली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये परवानगी कायमची नाकारली. पण प्रश्न मिटला नाही. २०१७ साली पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या नेडुवासल गावाने नव्या हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध दीर्घ आंदोलन केलं. त्याच वर्षी ३० जूनला कदिरामंगलम गावात तेलाची वाहिनी फुटली आणि भाताच्या शेतात तेल पसरलं.

जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तेल आणि वायूच्या शोधविहिरींसाठी जनसुनावणीची अट काढून टाकली. लगेच फेब्रुवारीत तामिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला. त्या कायद्याने या पट्ट्यात तेल, नैसर्गिक वायू, कोळशातला मिथेन आणि शेल वायू यांसाठी नव्याने खोदायला बंदी घातली. मात्र आधीपासून चालू असलेल्या विहिरी त्यातून वगळल्या. कायद्याने सगळं साधलं असं नाही. एप्रिल २०२३ मध्ये याच भागातले कोळशाचे पट्टे लिलावाच्या यादीत आले. राज्याने हरकत घेतल्यावर ते वगळले गेले. २०११ चा करार ज्या पक्षाच्या राजवटीत झाला, त्याच पक्षाच्या सरकारने २०२३ ची हरकत घेतली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. सरकारं बदलली नाहीत, लोकांनी त्यांना बदलायला लावलं.

मी सरकारी कारकून. आयुष्य रकाने भरण्यात चाललं आहे. खाणपट्ट्याच्या कागदावर क्षेत्र असतं, खनिजाचं नाव असतं, टन असतात, मुदत असते. त्या जमिनीखालच्या पाण्याला मात्र रकाना नसतो. गोव्यात २००२ साली भूजल नियमनाचा कायदा झाला, पण तोवर कित्येक खड्डे पाण्याच्या पातळीखाली पोचले होते. तंजावरच्या शेतकऱ्याने खड्डा पडण्याआधी विचारलं. आपण दोर संपल्यावर विचारलं. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

मावशीची विहीर अजून आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आपल्याही विहिरीत एकदा वाकून बघा, आणि दोर किती लागतो ते घरातल्या मुलांना सांगून ठेवा.